कोऱ्या खांबासाठी चार ओळी

४ फेब्रुवारी, सकाळ
कन्येने फोटो दाखवले. गावाबाहेरच्या टेकडीवर नवी पायवाट झाली आहे. दुतर्फा उंच लाकडी खांब, त्यांवर एका बौद्ध सूत्राच्या ओळी कोरलेल्या. एका अंगाला दरी, एका अंगाला झाडी. ही चष्मा लावून बघतच राहिली. म्हणाली, अहो, एकदा चालून येऊ या ना, दोघंच.
माझं लक्ष शेवटच्या खांबाकडे. तो कोरा!
वाट बांधणाऱ्या समितीची अडचण तात्काळ ओळखली. ओळी संपल्या, खांब उरला. कवी हवा आहे. शाळेत कवितापाठांतरात पहिला नंबर कुणाचा होता? असो.
निश्चय: चार ओळी रचायच्या, त्या घेऊनच टेकडी चढायची. आठवड्यात काम फत्ते.

११ फेब्रुवारी
पहिली ओळ फायनल. 'हे खांबा, तव मौन...' ओळ अर्धी आहे, पण दमदार. वृत्त शार्दूलविक्रीडित. एवढ्या उंच खांबाला लहान वृत्त शोभायचं नाही.
ही विचारते, रविवारी जायचं का? म्हटलं, असं रिकाम्या हाताने? तर म्हणते, डबा मी करीन की.
कवीच्या नशिबी हे असतंच.

१९ फेब्रुवारी
हिच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरीणबाईंकडे. त्या म्हणाल्या, आजी, कुठे चढायचं असेल तर आत्ताच चढून घ्या, पुढचं काही सांगता येत नाही. डॉक्टर मंडळींना घाबरवायची सवयच असते.
परतताना ही गप्प होती. त्या शांततेत मला यमक सुचलं. खांब, लांब. उत्तम दिवस.

२ मार्च, पहाटे
हिने नवंच खूळ काढलंय. उजाडायच्या आत जिना चढते-उतरते. टेकडीची प्रॅक्टिस म्हणे! कठडा धरून एकेक पायरी. धप्. मग बराच वेळ काही नाही. मग धप्. प्रतिभा दाराशी येते आणि दचकून परत जाते.
जरा हळू, म्हटलं. ती म्हणाली, ह्याहून हळू म्हणजे उभं राहणं.

१५ मार्च
कन्येने फोनवर झापलं. बाबा, आईला कधी नेताय? म्हटलं, टेकडी काय पळून जाणार आहे? तर म्हणाली, टेकडीचं कोण बोलतंय?
मुलीला काव्याचं अंग नाही. आईवर गेली.

६ एप्रिल
नवं पेन आणलं. जुन्या पेनात ओळ अडकली होती. आता नव्यात अडकली आहे.
ऊनही फार. ह्या उन्हात हिला नेणं बरं नव्हे. मी तिचाच विचार करतो, हे तिला कळत नाही.

२१ एप्रिल, पहाटे
जिना शांत! परवापासून धप् नाही. आता खरा मूड लागणार.
कन्येने हिचं अंथरूण खालच्या खोलीत हलवलं. हवेशीर आहे ती खोली.

९ मे
एकदाचे गेलो. कन्येने गाडी पायथ्यापर्यंत नेली. ही पहिल्या खांबापाशी बाकावर टेकली. कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाली, तुम्ही व्हा पुढे. म्हटलं, कोऱ्या खांबाचं काम उरकून आलोच. कविता अर्धीच होती, पण जागेवर सुचेल ही खात्री.
वाट सुंदर. धाप लागली. दोनदा मागे वळून बोललो, मग आठवलं की मागे कुणी नाही.
खांबाशेजारी पाटी: 'हा खांब शून्यतेचं प्रतीक म्हणून मुद्दाम कोरा ठेवला आहे. कृपया यावर काहीही लिहू नये.'
फोटोत ही पाटी झुडपाआड गेली होती. कन्येला फोटो काढता येत नाहीत.
खाली आलो. हिने विचारलं, वर कसं होतं? म्हटलं, विशेष नव्हतं, तू काही गमावलं नाहीस.
ती म्हणाली, ते मला बघून ठरवायचं होतं.
परतीच्या वाटेत कन्या एकटीच बोलत होती.

१० मे, पहाटे
लवकर जाग आली. बराच वेळ कानोसा घेतला. जिना शांत.
खालच्या खोलीतून हिने विचारलं, उठलात का? म्हटलं, हो. म्हणाली, मग लिहा आता निवांत.
पेन उघडून बसलो आहे.