अनुराधपूरचं पान

ईट, ता. भूम
२८ जुलै २०२५

चि. ज्ञानोबास, मालनअक्काचा जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. प्रसेनजित तुला बोटीवर नेणार हे वाचून हसू आलं. जो माणूस भूमच्या गाडीसाठी दोन गाड्या अगोदर स्टँडवर जाऊन बसतो, तो समुद्रात काय करणार? पण पोरानं हौसेनं तिकीट काढलंय, तर कुरकुर करू नको. आणि आता परत कधी निघायचं, असं विचारून सूनबाईला पिडू नको. वृषाली गुणाची म्हणून ऐकून घेते.

एक काम सांगते. बोट श्रीलंकेत एक दिवस थांबणार आणि प्रसेनजित तुला अनुराधपूरला नेणार, असं तू लिहिलंस. संघमित्रा थेरीनं नेलेल्या फांदीचा बोधिवृक्ष तिथं आहे. तुझ्या दाजींना जन्मभर तिथं जायचं होतं, ते राहून गेलं. ३१ ऑगस्टला त्यांना जाऊन वर्ष होईल, त्यांचं पुण्यानुमोदन आहे. त्या झाडाचं एक पान आण. तोडू नको, खाली पडलेलंच आण. त्यांच्या फोटोपुढं ठेवीन. विहारात मी सगळ्यांना सांगून बसले आहे.

फोन करू नको, मला नुसती घरघर ऐकू येते. लिही.

जीव लावून आहेस, तसाच राहा.
तुझी अक्का


तुळजापूर
१४ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास, ज्ञानोबाचा सविनय जयभीम. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. पान मिळालं नाही. हे आधीच लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना तू वाट बघत बसणार नाहीस.

काय झालं त्याचा मला अजून नीट अर्थ लागत नाही. जसं आठवतंय तसं लिहितो.

बोट सकाळी त्रिंकोमालीला लागली. उतरताना सांगितलं की चारच्या आत या, बोट कुणासाठी थांबत नाही. अक्का, आपला कंडक्टर निदान हाका तरी मारतो. डेपोच्या फाटकावर राखणीत माझा जन्म गेला, सुटलेल्या गाडीमागं धावणारी माणसं मी रोज बघितली. बोटीवरची बाकी मंडळी जवळचं देऊळ बघायला गेली. आम्ही तिघं व्हॅन करून अनुराधपूरला. जायला-यायलाच निम्मा दिवस. त्यात वाटेत चाक बसलं. प्रसेनजित घड्याळ बघतोय, वृषाली फोनवर रस्ता बघतेय, मी दोघांची तोंडं बघतोय.

त्या दिवशी पौर्णिमा होती. गर्दी म्हणजे गर्दी, आणि सगळी पांढऱ्या कपड्यात. बोटीवरच्या रंगीबेरंगी लोकांत माझं धोतर-सदरा लांबून ओळखू यायचं, इथं मीच मला सापडेना. फाटकाशी चपला काढल्या, टोपी काढून खिशात घातली. प्रसेनजित म्हणाला, बाबा इथंच थांबा, चपला ठेवून येतो. वृषाली व्हॅनपाशी ड्रायव्हरला वेळ समजावत होती. एवढ्यात मला रांग दिसली.

तुळजापुरात राहणाऱ्या माणसाला रांग दिसली की ती दर्शनाचीच वाटते. मनात आलं, आपण पुढं होऊन जागा धरावी, पोरं येतील. एसटीत रुमाल टाकून सीट धरतो तसं. म्हणून उभा राहिलो. तर एका म्हातारीनं लांबलचक केशरी कापडाची कड माझ्या हातात दिली. सगळ्यांनीच ते कापड धरलं होतं. रांग झाडाकडं नव्हतीच, ती मोठ्या पांढऱ्या स्तूपाला कापड गुंडाळायला चालली होती. हे मला निम्मी फेरी झाल्यावर कळलं. मधेच सोडावं तर कापड जमिनीला लागेल. न सोडावं तर पोरं लांब राहिली. खाली वाळू भाजत होती. सगळे साधू साधू म्हणत होते, मीही म्हणालो. त्रिशरण आपल्या विहारातलंच होतं, तेवढाच धीर आला. किती फेऱ्या झाल्या ते सांगता येणार नाही. बोट गेली असेल, एवढंच डोक्यात घोळत होतं.

मग कुणीतरी दंड धरून ओढलं. प्रसेनजित होता. चारचौघांत ओरडला की तुम्हाला एका जागी उभं राहता येत नाही का, तुमच्यापायी बोट जाईल, तुम्हाला आणलं हीच चूक झाली. झाड भलत्याच बाजूला होतं म्हणे. ते राहिलंच. आम्ही धावत पोचलो तेव्हा बोटीची शिडी काढायच्या बेतात होते.

तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. गोळी घेतली का, हेसुद्धा वृषालीकडून विचारतो.

बंदराच्या फाटकाशी एक पिंपळ होता. वृषालीनं धावता धावता त्याचं एक पान उचललं. ती म्हणते, आत्याबाईंना हेच पाठवा, पिंपळ तो पिंपळ, आणि श्रीलंकेचाच आहे. पाठवू की नको? पाठवलं तर खोटं, न पाठवलं तर लोकांत तू खोटी पडशील. मला झोप नाही. तू सांगशील तसं करतो.

राग आला तरी माया कमी करू नकोस.
तुझा ज्ञानोबा


ईट
१९ ऑगस्ट २०२५

चि. ज्ञानोबास, जयभीम व आशीर्वाद.

ते पान पाठवू नको. लोक त्याच्या पाया पडतील आणि खरं काय ते मला एकटीला ठाऊक राहील. असलं ओझं या वयात कोण घेतो? वृषालीला म्हणावं, तुझं मन कळलं, पान पुस्तकात ठेव.

परमुलखात जाऊन कुणाच्या रांगेत सीट धरलीस, बाबा. तुझे दाजी असते तर आठवडाभर हसले असते.

३१ तारखेला प्रसेनजितला घेऊन ये. लोकांचं मी बघते.

वाट बघणारी,
अक्का


तुळजापूर
२४ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास, सविनय जयभीम.

माझं येणं होईलसं वाटत नाही. वाळूनं पोळलेले तळपाय अजून भरले नाहीत. खरं सांगायचं तर प्रसेनजितला चल म्हणायची हिंमत होत नाही. आणलं हीच चूक झाली, असं तो म्हणाला, ते रागानं म्हणाला की मनापासून, हे मला समजत नाही. रागातलं बोलणं दुसऱ्या दिवशी विरतं. हे विरेना. त्याला विचारावं तर तो हो म्हणाला म्हणजे? काल जेवताना त्यानं माझ्याकडं बघितलं आणि उठून गेला. त्याचा अर्थ काय घ्यावा? तुला काही कळलं तर लिही.

स्वतःला न सांभाळता येणारा भाऊ समजून मला सांभाळून घे.
ज्ञानोबा


ईट
३१ ऑगस्ट २०२५

चि. ज्ञानोबास, जयभीम व आशीर्वाद.

घाईत लिहिते. आज पुण्यानुमोदन झालं. तू आला नाहीस, पण प्रसेनजित सकाळीच मोटारसायकलवर दारात हजर. वृषालीला मित्राकडं जातो म्हणून सांगून निघाला होता.

वंदना झाल्यावर मी सरळ सांगून टाकलं की पान आलं नाही. दोघी-चौघी कुजबुजल्या. मग हा आपणहून उठला. म्हणाला, चूक माझी आहे. चपला ठेवून वळलो तर बाबा जागेवर नाहीत. आत्यानं सांगितलेलं काम ते टाकणार नाहीत, झाडाकडंच गेले असतील, म्हणून तो थेट बोधिवृक्षापाशी धावला. पाठमोरा दिसेल त्या म्हाताऱ्याचा दंड धरून तोंड बघत सुटला. एका म्हाताऱ्यानं याच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी म्हटलं, ते याला कळलं नाही, पण तिथंच रडू फुटलं. बाबांना यांची भाषा येत नाही, तुळजापूर म्हटलं तर इथं कुणाला कळणार, आपण बापाला परमुलखात हरवलं, असं त्याला वाटलं. तू सापडलास तेव्हा तो ओरडला ते त्या भ्यानं. आता तुझ्यासमोर आला की शरमेनं तोंड उघडत नाही, म्हणाला.

मी विचारलं, झाड कसं होतं रे. तो म्हणाला, आत्या, एवढा वेळ मी त्याच्या खाली होतो, पण झाड बघितलंच नाही.

पुढं कुणी पानाचं नाव काढलं नाही. आम्ही फोटोपुढं फुलं ठेवली आणि जेवायला बसलो.

तो बाहेर गाडी चालू करून उभा आहे. हे पत्र त्याच्याच हाती देते. म्हणजे तू हे वाचत असशील तेव्हा तो समोरच असेल, आणि यात काय लिहिलंय ते त्याला ठाऊक नसेल. त्याला खाली बसव आणि जेवलास का म्हणून विचार.

या वेळचा लोभ माझ्यावर नको, त्याच्यावर कर.
तुझी अक्का