खुंटाभोवतीची भूछत्रं

८ सप्टेंबर, शुक्रवार

बागेत भूछत्रं उगवलीत. पाडलेल्या झाडाच्या खुंटाभोवती गोल करून, सभेला जमल्यासारखी. मोजली — एकोणीस. पांढरी, गुबगुबीत, दिसायला अगदी सज्जन.

हे म्हणाले, अळंबी आहे, खायची असते. मी म्हटलं, कुत्र्याच्या छत्र्या आहेत, फेकायच्या असतात. मी बावीस वर्षं औषधांच्या दुकानात काढलीत. यांनी निवृत्त झाल्यापासून व्हिडिओ बघितलेत. सहा.

९ सप्टेंबर

रबरी हातमोजे घालून सगळी उपटली. वरच्या मजल्यावरचा पडदा हलला. धाकटी जाऊ बघत होती. बघू दे.

११ सप्टेंबर, सोमवार

पुन्हा उगवली! आता सव्वीस.

दुकानात वनस्पतिशास्त्राचे सर रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आले होते, त्यांना विचारलं. म्हणाले, वरून उपटून काही होत नाही, खाली जुनी मुळं कुजतायत, ती संपेपर्यंत येतच राहणार. सात-आठ वर्षं सहज. खाण्यासारखी आहेत का? तर म्हणाले, मी शिकवतो, खात नाही.

म्हणजे झाड पाडलं तरी आहेच. चार वर्षांपूर्वी त्याच्या मुळांनी आमच्या स्वयंपाकघराची भिंत तडकली, म्हणून आम्ही ते पाडलं. वरची मंडळी लग्नाला परगावी गेली होती, तेव्हा. त्यांच्या खोल्यांवर सावली होती ती त्याचीच. परत आल्यावर धाकटी खिडकीत बराच वेळ उभी राहिली, आणि तेव्हापासून आमच्याशी एक शब्द नाही. भाऊजी जिन्यात भेटले तर मान हलवतात, तीही आधी वर बघून.

१३ सप्टेंबर

आज माझ्याआधीच कुणीतरी उपटून नेली. मी नाही. हे नाही म्हणतात. उरलं कोण?

१६ सप्टेंबर, शनिवार

दुपारी वरून वास आला. लोणी, लसूण आणि मशरूम. कोडं सुटलं.

अबोला आहे, पण दोन लहान मुलं आहेत त्या घरात. चिठ्ठी लिहायला घेतली. ‘चि. सौ. हिस अनेक आशीर्वाद. तू आज जे शिजवते आहेस त्याने यकृत निकामी होण्याचा संभव आहे.’ वाचून पाहिली. फाडली. जिना चढले — चार वर्षांत पहिल्यांदा.

तिने दार उघडलं. मी धापा टाकत म्हटलं, ते बागेतलं मुलांना देऊ नकोस. ती बाजूला झाली. ओट्यावर दुकानातलं मशरूमचं खोकं पडलं होतं, त्यावर ठळक अक्षरात तारीखसुद्धा.

“मग बुधवारची कुणी नेली?”

“मी उपटली. तुमच्यापैकी कुणी खाईल म्हणून.”

दोघींनी एकमेकींना सारखंच मूर्ख समजलं होतं. खाली आले. माझा अपमान झाला की नाही, ते अजून ठरत नाहीये.

१९ सप्टेंबर, मंगळवार

हे इस्पितळात आहेत. सलाइन लावलंय.

मी नऊला दुकानात गेले. यांनी खुंटाच्या पलीकडची, मला न दिसलेली भूछत्रं काढून ऑम्लेटमध्ये घातली. अकरापासून उलट्या. धाकटी खाली आली होती, दार उघडं दिसलं म्हणून तिने हाक मारली, तर हे न्हाणीघराच्या फरशीवर. तिने एकटीने यांना गाडीत घातलं. शिवाय तव्यावर उरलेले तुकडे डॉक्टरांना दाखवायला पिशवीत भरून घेतले. बावीस वर्षांचा अनुभव असून मला ते सुचलं नसतं.

दुकानात फोन आला. तिचा नंबर मी कधीच पुसून टाकला होता. आवाज मात्र ओळखला. “ताई, घाबरू नका. दादा शुद्धीवर आहेत. सरळ इस्पितळात या.”

डॉक्टर म्हणाले, लगेच उलट्या झाल्या हे नशीब. खरी घातक असतात ती दिवसभर गप्प बसतात.

बाहेर बाकावर दोघी तीन तास बसलो. तिने चहा आणला, साखर कमी, माझ्या सवयीप्रमाणे. मी म्हटलं, झाड तुम्हाला विचारून पाडायला हवं होतं. ती म्हणाली, “हो.” जाऊ दे वगैरे म्हणाली नाही. बरं वाटलं. ती खाली कशाला आली होती, ते विचारायचं राहूनच गेलं.

२० सप्टेंबर

हे बरे आहेत. डोळे उघडून पहिलं वाक्य — चवीला छान होती. नर्स हसली. मी नाही.

२२ सप्टेंबर

यांना घरी आणलं. फोनवरचे व्हिडिओ यांनी स्वतःच पुसले. मी फक्त शेजारी उभी होते.

धाकटीचे दोघे मुलगे — म्हणजे आमचेच पुतणे — संध्याकाळी खाली आले, काकांना भूत बघावं तसं बघून गेले. तिच्या घरून मऊ भात आला. डबा परत द्यायचा आहे, म्हणजे उद्या पुन्हा वर जायचं आहे. कुठली साडी नेसावी याचा मी चक्क विचार केला.

२४ सप्टेंबर, रविवार

वरची मंडळी घर सोडतायत. पुढच्या महिन्यात. भाऊजींची बदली झाली आहे, मुलांच्या शाळाही ठरल्यात. मंगळवारी ती हेच सांगायला खाली आली होती.