मर्क्युरी ग्रॅनरीचा दिवंगत गायक

एल्मर्स ग्रोव्ह, इंडियाना
१२ जून

चि. लोरेन यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. ॲरिझोनाच्या उन्हात तू अजून पुरता वाळला नसशील या भरवशावर लिहिते आहे. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करतोस की करतो म्हणून नुसतं सांगतोस? इकडे आम्ही ठीक. मका पेरून झाला. गेल्या आठवड्यात गारा पडल्या आणि गॅरेजच्या पत्र्याला देवी आल्यासारखे खड्डे पडले. विम्याचा माणूस येऊन पाहून गेला, हळहळला, दोन कप कॉफी प्यायला आणि निघून गेला.

फोन करायचा सोडून पत्र का, असं विचारशील. कारण फोनवर गाण्याचा विषय निघाला की तुझ्या दारावर हटकून कोणीतरी येतं आणि तू म्हणतोस, 'ताई, नंतर बोलू.' हे नंतर गेली चाळीस वर्षं चालू आहे. जत्रेत लोक हसले तेव्हापासून तू गाणं सोडलंस, चर्चमध्येसुद्धा ओठ मिटून उभा राहतोस, हे मला ठाऊक आहे. तरीही विषय गाण्याचाच आहे. पत्र मध्येच खाली ठेवलंस तरी मी बोलतच राहीन, तेव्हा एकदाच काय ते वाचून घे.

तुझे मेहुणे निवृत्त झाले. धान्याच्या कोठारावर आयुष्यभर ट्रक वजन करणारा माणूस घरी बसला की कपाटं वजन करायला लागतो, म्हणून डॉक्टर म्हणाले, काहीतरी छंद लावून घ्या. मला वाटलं, मासे पकडतील, फार तर चिमण्यांसाठी लाकडी घरं बनवतील. (शेजारच्या वॉल्डोने बनवली आहेत. चिमण्या त्यात राहत नाहीत, पण निदान आवाज तरी करत नाहीत.) आमच्या वेंडेलनी काय शोधावं? सत्तर सालानंतरच्या दहा वर्षांत आपल्या या मक्याच्या मुलखात जी पोरं केस वाढवून प्रोग्रेसिव्ह रॉक नावाचं काहीतरी वाजवत होती, त्यांच्या तबकड्या. त्यातही नावाजलेल्या बँडच्या नाहीत हं. नावाजलेलं यांना चालत नाही. जी तबकडी पोरांनी पदरचे पैसे घालून काढली, जी त्यांच्या आयांनीसुद्धा पुरती ऐकली नाही आणि जिचे गठ्ठे कोणाच्या तरी तळघरात सडले, ती खरी. त्या वेळी ज्यांना कुत्रं विचारत नव्हतं त्यांना आता हे विचारतात. आणि शेजारच्या जिल्ह्यात आणखी एकाने ती ऐकली आहे असं कळलं की यांचं जेवण जात नाही.

प्रोग्रेसिव्ह म्हणजे म्हणे पुढे जाणारं. गाणं मात्र अर्धा तास जागचं हलत नाही. मी बटाटे उकडायला ठेवते तेव्हा बासरी सुरू होते, बटाटे शिजून सोलून होतात तेव्हा कुठे पहिला शब्द येतो आणि तो शब्द 'आणि' असतो. ज्यांनी जन्मात मिशिगनच्या तळ्यापलीकडे पाणी पाहिलं नाही ती पोरं बर्फाच्या राजांवर आणि बुडालेल्या बेटांवर गातात. एका बँडचं नाव ग्लास प्लाऊ, म्हणजे काचेचा नांगर. असल्या नांगराने काय नांगरणार, हे एकाही शेतकऱ्याच्या पोराला सुचू नये? वर या गाण्यांचे ताल सातचे, अकराचे. आमच्या मुलीच्या लग्नात नाचताना ज्यांना डावा-उजवा पाय कळला नाही ते तुझे मेहुणे आता जेवताना टेबलावर अकरा मोजतात आणि माझ्या ताटातले वाटाणे उड्या मारतात.

दर शनिवारी हे गृहस्थ गेलेल्या माणसांच्या घरी जातात. म्हणजे सांत्वनाला नव्हे, सामानाच्या विक्रीला. तिथे यांच्यासारखे आणखी चार-पाच टकले गुडघ्यांना रबरी गाद्या बांधून तळघरात रांगत असतात. श्रीमती फ्रुख्टींचे यजमान गेले त्यांच्या विक्रीत हे खोक्यांपुढे इतका वेळ गुडघे टेकून बसले होते की बिचारीला वाटलं, आपल्या नवऱ्यासाठी प्रार्थना करताहेत. तिने यांना मिठी मारली, रडली आणि ऱ्हुबार्बची अख्खी पाय-पेस्ट्री हातात दिली. हे तबकडीला लागलेल्या बुरशीचा वास घेत होते. पेस्ट्री मात्र घरी येऊन सगळी संपवली, मला एक फोड दिली नाही.

गुरुवारी आमच्या तळघरात यांची सभा भरते. डॉक्टर स्टर्लिंग (दंतवैद्य, माझी खालची दाढ यांनीच घालवली) आणि नॉर्बर्ट (चाळीस वर्षं शाळेची बस चालवली, त्यामुळे आवाजाची सवय) हे दोन कायमचे सभासद. तिघं मोठ्या फ्रीझरशेजारी खुर्च्या मांडून पोटावर हात ठेवून डोळे मिटून बसतात. मी टूना मासा घालून भाजलेलं कॅसरोल घेऊन खाली गेले की तिघं एकदम तोंडावर बोट ठेवतात. माझ्याच घरात, माझ्याच कॅसरोलला.

तर मार्चमध्ये चर्चच्या जुन्या सामानात यांना एक मोठी तबकडी सापडली. पुठ्ठ्याचं वेष्टन उंदरांनी खाल्लेलं, मधल्या पांढऱ्या कागदावर रबरी शिक्क्याने फक्त 'मर्क्युरी ग्रॅनरी' एवढंच. बुधग्रहावरचं धान्याचं कोठार. कुठल्याही पुस्तकात नाही, कोणालाही माहीत नाही. तिघांना वेड लागायचं तेवढं बाकी राहिलं. गाणी म्हणजे गोगलगाय चढावर निघालेली. ढोल पडतो तो धान्याचं पोतं टाकल्यासारखा, बासरी फाटक कुरकुरावं तशी आणि गाणारा तर विहिरीच्या तळातून बोलतो आहे. डॉक्टर स्टर्लिंग रडले. दुसऱ्याच्या दातासाठी हा माणूस कधी हळहळल्याचं ऐकलं नव्हतं.

मग तर्क सुरू झाले. नॉर्बर्ट म्हणाला, "हा गडी कोळशाच्या खाणीत राबलेला असणार. असा आवाज पोटभर जेवणाऱ्याचा नसतो."

डॉक्टर म्हणाले, "राबलेला नाही, त्यातच गेलेला. मरण जवळून पाहिल्याशिवाय कोणी इतकं सावकाश गात नाही."

तुझे मेहुणे म्हणाले, "दाढी असणार." यांची अक्कल एवढीच चालते.

तिथून पुढे ठरलं की जुलैच्या जत्रेत, डुकरांची निवड आणि पाय-पेस्ट्रीचा लिलाव यांच्या मधल्या वेळात, मोठ्या मांडवात ही तबकडी लोकांना ऐकवायची, दिवंगत गायकाला आदरांजली वाहायची आणि तबकडी नव्याने काढून सगळ्या देशात पाठवायची. भाषण वेंडेल करणार. फलकही छापून आले. त्यावर दाढीवाल्या माणसाची काळी सावली आहे.

आता नीट ऐक. मागच्या सोमवारी मी तळघरात झाडत होते. तबकडी यंत्रावर तशीच फिरत ठेवून हे कुठेतरी आणखी एका बासरीवाल्या तबकडीच्या शोधात गेलेले. फडकं लागून गतीचा खटका सरकला. तबकडी जलद फिरायला लागली आणि माझ्या तळघरात तू गायला लागलास.

शेळी तारेत अडकली, असं बाबा जत्रेत सगळ्यांदेखत म्हणाले होते ना, तोच आवाज. धुक्यात गाईंना हाक मारायचास तोच. मी फ्रीझरवर बसले. तुमचा बँड चालू होता तेव्हा माझं लग्न होऊन मी टोलेडोला होते, आणि तुम्ही तर दर महिन्याला नाव बदलत होतात, त्यामुळे ही तबकडी मी जन्मात पाहिली नव्हती. मग हळूहळू ध्यानात आलं. तुमच्याजवळ गाणीच होती मोजकी. मोठी तबकडी त्यांनी भरेना, म्हणून कारखान्याने छोट्या तबकडीच्या जलद गतीवर ती कोरली, आणि गती कुठली ते कागदावर लिहायचं तुम्हा पाच शहाण्यांपैकी एकालाही सुचलं नाही. ग्रहाचं नाव सुचलं. आणि आमचे हे तीन पंडित. साधी गाणी, कोवळ्या पोरांनी दंगा करत वाजवलेली. ती चुकून संथ लावली आणि तीन महिने त्यात मरण ऐकत बसले. दुसरा कोणी असता तर पहिल्या मिनिटाला म्हणाला असता, यंत्र बिघडलं आहे. पण यांच्या जातीत गाणं जितकं रडत-रखडत चालेल तितकं थोर.

माझं विचारशील तर, मी ती दोन्ही बाजूंनी ऐकली. शब्द अगदीच टाकाऊ आहेत (बुधावर मका येत नाही, हे तुला त्या वयात कळायला हवं होतं). पण तुझा आवाज मला आवडला, लोरेन. चिरका होता, पण त्यात कसली लबाडी नव्हती. इतका आनंद झालेला माणूस मी आपल्या घरात दुसरा पाहिला नाही. मी रडले आणि मग बाबांचा मला फार राग आला. ते जाऊन वर्षं लोटली, पण आला.

गुरुवारी मी तिघांना गती बदलून ऐकवलं. सांगितलं, हा माझा धाकटा भाऊ. तिघांची तोंडं पाहण्यासारखी झाली.

डॉक्टर म्हणाले, "वहिनी, भाऊ म्हणजे तो हवा गार करणारी यंत्रं विकतो तो? पण तो तर जिवंत आहे."

"आहे," मी म्हटलं. "गुडघा दुखतो, बाकी ठणठणीत."

डॉक्टरांचा चेहरा इतका पडला की मलाच तुझ्या वतीने माफी मागावीशी वाटली. नॉर्बर्ट म्हणाला, "गैरसमज नको, वहिनी. पण एवढा खूश माणूस प्रोग्रेसिव्ह असूच शकत नाही." खटका पुन्हा मागे सरकवून त्याने तुला विहिरीत ढकललं आणि तिघांनी सुटकेचा निःश्वास सोडला. डॉक्टरांचं पुढचं म्हणणं असं की कलावंताला स्वतःच्या कलेची खरी गती कळत नसते, आणि शिवाय फलकावर 'दिवंगत' छापून झालं आहे, आता ते कसं बदलणार? मी विचारलं, त्याला विचारून छापलंत का? त्यावर कॅसरोल फार छान झाल्याचं मला सांगण्यात आलं. याच्या आधी एकदाही सांगितलं नव्हतं.

थोडक्यात, तू जिवंतपणी गेला आहेस, दाढी राखून गेला आहेस आणि जत्रेत ज्या मांडवात लोक तुला हसले त्याच मांडवात तुझ्या नावाने लोक टोप्या काढणार आहेत. असल्या खुळ्यांसाठी तू इतक्या लांबून येण्याची काहीएक गरज नाही. विमानात गुडघा आखडेल. तुझ्या बायकोला आणि लेकींना माझी आठवण सांग. जपून राहा, उन्हात टोपी घाल आणि पाणी पीत जा.

तुझी थोरली बहीण,
आर्डिथ

ता. क. तुझे मेहुणे मी बागेत गेले की खटका पुढे सरकवतात आणि तुला जलद ऐकतात. खिडकी उघडी असते हे त्यांना माहीत नाही. काल वर येऊन विचारत होते, "लोरेन लहानपणी असाच होता का गं?" मी म्हटलं, हो. जत्रेतल्या भाषणाचा कागद त्यांनी फाडून टाकला आहे आणि नवा लिहायला बसले आहेत, पण दोन मतांपुढे यांचं एक मत काय चालणार?

ता. क. दुसरा. डॉक्टर शेवटी एका अटीवर कबूल झाले. गायक स्वतः मांडवात उभा राहून गायला आणि आवाज तोच निघाला, तर योग्य गती त्याची. नाही तर आदरांजली. मी त्यांना सांगून टाकलं की तू येतो आहेस. वरची खोली झाडून ठेवली आहे. आता लोक हसले तर हसले; पहिल्या रांगेत मी बसणार आहे आणि माझ्यादेखत हसणारा या गावात फार कोणी उरलेला नाही. ये, लोरेन. हे मी विनवून सांगते आहे आणि विनवण्याची मला सवय नाही.

ता. क. तिसरा. पत्र पेटीत टाकायला निघाले तर कुंपणापाशी डॉक्टर स्टर्लिंग भेटले. तू येणारच असलास तर गाताना थोडं सावकाश घ्यायला जमेल का, असं तुला विचारायला सांगत होते. मी त्यांना तोंडावर सांगितलं, माझा भाऊ चाळीस वर्षं गप्प बसला, तेवढं सावकाश पुरे झालं.