साडेआठच्या गाडीनं भाऊजी एकटे गेले

प्रिय आई,

सासूला कुणी पत्र लिहितं का? तेही जाऊन आठ महिने झालेल्या सासूला! पण आज कुणाशी तरी बोलले नाही तर माझं डोकं फुटेल. भाऊजी साडेआठच्या गाडीनं परभणीला गेलेत. एकटे. पहिल्यांदाच सोबत मी नाही आणि तुमचा थोरला लेकही नाही. आत्ता सव्वानऊ झालेत. कणीक भिजवायला घेतली होती, ती तशीच ताटात पडलीय.

रागावलात ना? रागवा. गंगाखेडच्या घाटावर तुमच्या दहाव्याला मी काय बोलले होते, ते तुम्हीही विसरला नसाल आणि मीही विसरले नाही.

पिंड मांडून तासभर झाला, तरी कावळा खाली उतरेना. झाडावर बसून नुसता मान वाकडी करत होता. तुमचा लेक म्हणाला, "शेत विकत नाही." कावळा हलला नाही. "आत्याचं सगळं बघतो." तरी नाही. गुरुजी म्हणाले, "काहीतरी राहिलंय त्यांच्या मनात, बोला." ऊन वाढत होतं आणि सगळे मुकुंदभाऊजींकडे बघत होते, पण तोंड कुणी उघडेना. शेवटी मागून मीच ओरडले, "आई, भाऊजींना मी कधी एकटं सोडणार नाही!" आणि कावळा आला. खरं सांगा, माझ्याच तोंडून वदवून घ्यायचं होतं ना तुम्हाला?

नऊ पंचवीस. आता गाडी दैठण्याच्या पुढं असेल.

तो शब्द मी पाळला हो. सहा महिने पाळला. न्हाव्याकडे बरोबर गेले, दवाखान्यात गेले, कोपऱ्यावरच्या दुकानात दहा रुपयांची बिस्किटं आणायलासुद्धा बरोबर गेले. मग एक दिवस जेवताना भाऊजी ताटाकडे बघतच म्हणाले, "वहिनी, तुम्ही म्हणालात, कधी एकटं सोडणार नाही."

"हो, म्हणाले."

"मग मी एकटा कधी जाणार?"

आई, तुम्ही काय उत्तर दिलं असतं?

बावीस वर्षांच्या मुलाला तुम्ही घास भरवत होता, आई. शर्टाची बटणं तुम्ही लावायच्या. मी एकदा म्हणाले, त्यांचं त्यांना लावू द्या, तर तुम्ही म्हणालात, "तू नगं लक्ष देऊ, मी हाय ना." तुम्ही होता तोवर ठीक होतं. तुम्ही गेलात त्या आठवड्यात भाऊजी अंघोळ करून उघड्या अंगानं, शर्ट हातात धरून दारात उभे होते. अर्धा तास. कुणीतरी येऊन बटणं लावील म्हणून. तेव्हा मला तुमचा लय राग आला होता. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण आला होता.

आता लावतात सगळी. सुरुवातीला एक बटण लावायला पाच मिनिटं लागायची. मी कपड्यांच्या मानेवरची टोचणारी लेबलं कापून टाकली, करायच्या कामांची चित्रं काढून मोरीच्या दाराला चिकटवली. दात, अंघोळ, दाढी, कपडे. दाढीला अजून भांडण होतं. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी मी सांगते, मग ते अंगणात जाऊन उभे राहतात. इतकंच तर करायचं होतं!

तुमची भीती मला कळत नव्हती असं नाही. बोरी गावातल्या लग्नात मी होतेच की. बँड सुरू झाला आणि भाऊजी मांडवातच कान दाबून आडवे पडले. कुणी म्हणालं वारं लागलं, कुणी म्हणालं अंगात आलं. एक बाई तर लिंबू घेऊन आली. तुम्ही त्यांच्या डोक्यावर पदर टाकलात आणि लोकांमधून ओढत बाहेर नेलंत. त्यानंतर भाऊजींनी एक लग्न पाहिलं नाही. घरात पाहुणे आले की "मुकुंदा, आत बस." नांदेडच्या डॉक्टरांनी ऑटिझम लिहून दिलेला कागद तुम्ही साड्यांच्या खाली ठेवलात. कुणाला दिसू नये म्हणून ना? आणि त्या नादात मुलगाच कुणाला दिसेनासा झाला.

पावणेदहा. आता फोन यायला पाहिजे.

कशाला पाठवलं ते तर सांगितलंच नाही. परभणीला स्टँडच्या मागच्या गल्लीत एक बाइंडिंगचं दुकान आहे, शेखचाचांचं. मी भाऊजींना दोन महिने रोज बरोबर घेऊन गेले. वह्यांची पानं लावताना त्यांचं एक पान इकडचं तिकडं होत नाही. चाचा म्हणाले, "बेटी, ऐसा हात मैंने नहीं देखा." दुपारी ते दोघं समोरासमोर बसून डबा खातात. बोलत फार नाहीत, पण भाऊजींनी आजवर घराबाहेरच्या कुणासमोर डबा उघडला होता का?

कंडक्टरलाही सांगितलंय मी. म्हणाला, "ताई, टेन्शन नका घेऊ, परभणीला उतरवतो." फोन भाऊजींच्या खिशात आहे, पण रिंगचा त्यांना त्रास होतो, म्हणून आवाज बंद असतो. पोचल्यावर तेच करणार, असं ठरलंय. मी केला तर ते उचलत नाहीत.

दहा वाजून दहा मिनिटं. मी चार वेळा केला. वाजून वाजून बंद पडतो.

दहा वीस. चाचांचा फोन होता. "बेटी, मुकुंद आज नहीं आ रहा क्या?"

आई, घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर माफ करा.

यांच्या शाळेत फोन केला. शनिवारची सकाळची शाळा, वर्ग सोडून निघाले. मोटारसायकलला किक मारता मारता म्हणाले, "तुला कुणी सांगितलं होतं नसता शहाणपणा करायला? आईला शब्द दिला होतास ना?" ते खरंच होतं. मलाही निघायचं होतं, पण भाऊजी उलट घरीच आले तर? म्हणून मी इथंच बसलेय. नुसतं दाराकडे बघत बसवत नाही, म्हणून लिहितेय. गाडीत कुणी हॉर्न वाजवत बसलं असेल का? पोरांनी चिडवलं असेल? रस्त्यावर कान दाबून पडले असतील आणि भोवती पुन्हा ती लिंबूवाली माणसं? आई, तुम्हीच बरोबर होता का?

दहा चाळीस. चाचा दुकान बंद करून स्टँडवर गेले, आणि तोच कंडक्टर त्यांना चहाच्या गाड्यावर सापडला. फोन त्यालाच दिला. "ताई, ते तर पोखर्णीला उतरले हो. मी म्हनलं, परभणी लांब हाय अजून, तर म्हनले, मला माहीत आहे. मग मी काय करू?"

पोखर्णी! अहो, तुमची पोखर्णी! परभणीला निघालात की आधी पोखर्णीला उतरायचं, नरसिंहाचं दर्शन घ्यायचं आणि मागच्या गाडीनं पुढं जायचं, हा तुमचा नेम. डॉक्टरकडे असो की साडी घ्यायला. माझ्याबरोबर दोन महिने ते सरळ गेले, कारण मी त्यांना खिडकीशी बसवून वाट अडवून बसायची. पोखर्णी आली की ते उठायचे आणि मी "बसा, बसा" करायची. मला वाटायचं, पाय अवघडले असतील. इतकी कशी मी आंधळी?

पण कारण कळलं म्हणून जीव थोडाच भांड्यात पडतो? शनिवारची गर्दी. पुढच्या गाडीला हात करायचा असतो, तो नेहमी तुम्ही करायच्या. त्यांनी तो कधीच केला नाही. कुणी हात केला नाही तर ते तिथंच उभे राहतील, संध्याकाळपर्यंत, शर्ट हातात धरून उभे होते तसे.

अकरा पंचवीस. फोन.

"वहिनी. मी मुकुंद बोलतोय. पोचलो."

"भाऊजी! पोखर्णीला का उतरलात?"

"परभणीला जाताना पोखर्णीला उतरायचं असतं."

"आणि गर्दी होती ना?"

"होती. पोरं घंटा वाजवत होती. मी कान झाकून बाहेर थांबलो. ती गेली. मग आत गेलो. मग गाडी आली. हात केला. थांबली."

"अहो, पण मला सांगायचं तरी आधी!"

"तुम्ही विचारलं नाही."

आणि फोन ठेवला. चाचांकडे पानं पडली होती ना!

आई, मी ओट्याला टेकून रडले. मग हसले. मघाशी फोन करून यांना मीच पोखर्णीला वळवलं होतं, ते नुकतेच देवळापाशी पोचले होते, त्यांना सगळं कळवलं. ऐकून म्हणाले, "आलोच आहे तर मीही दर्शन घेऊन येतो."

आपण दोघींनी त्यांच्यासाठी काय नाही ठरवलं! तुम्ही त्यांना आत बसवायचं ठरवलंत, मी बाहेर काढायचं ठरवलं. दोघींनाही वाटलं, आपण लय मायेनं करतोय. घाटावर एवढ्या लोकांसमोर मी त्यांच्या आयुष्याचा शब्द दिला, तेव्हा ते माझ्या शेजारीच उभे होते. त्यांना काय पाहिजे, हे तुम्ही त्यांना कधी विचारलंत का? मी तरी कुठं विचारलं?

म्हणून आता वचन देते ते एवढंच, की यापुढे आधी त्यांना विचारीन. संध्याकाळी ते आले की पहिला प्रश्न असा: सोमवारी सातच्या गाडीनं निघालात, तर पोखर्णीला वेळ पुरेल का?

तुमची सून,
अनुराधा