तुमचा इन्स्पेक्टर आणि कालचा इन्स्पेक्टर

बाबा, काल मी नातवाबरोबर पोलिसांचा सिनेमा बघून आले आणि तेव्हापासून तुम्हीच डोक्यात आहात, म्हणून भाजी निवडायची सोडून हे लिहायला बसले आहे. अक्षराला हसू नका. चौथीनंतर मला शाळेतून काढली ती तुम्हीच, तेव्हा काना-मात्रा राहिली तर ती तुमच्या नावावर. थेटर कुठे म्हणाल, तर तुमच्या गिरणीचं साचेखातं होतं ना, साधारण त्याच जागेवर, पण तुम्हाला गेटसुद्धा सापडायचं नाही. आत आपोआप चालणारा जिना आहे. मला त्याची धास्ती वाटते. नातू म्हणतो, "आजी, खाली बघू नको, माझ्याकडे बघ," आणि हात धरून उभी करतो. सोन्यासारखा पोर आहे. तुमच्यासारखेच कान बाहेर आलेले.

सिनेमा मला आवडला, हे आधीच सांगते. शिट्टी वाजवता येत नाही म्हणून, नाहीतर वाजवली असती. आधी जीपमधून नुसते बूट उतरतात, मग काळा चष्मा, मग सगळ्यात शेवटी तोंड. लगेच कळतं, हा आपला. पांढरे कपडे घालून पाण्याकाठी द्राक्षं खात बसलेला, तो वाईट. इन्स्पेक्टरचा एक गमत्या दोस्त असतो, त्यानं बाळाच्या बारशाचं बोलणं काढलं तशी मी नातवाला म्हटलं, "हा गेला बघ." तो म्हणाला, "तू आधी बघितलायस काय?" म्हटलं, "नाही रे, पण बारसं काढलं ना त्यानं, आता कसला वाचतो." आणि इंटरव्हलच्या आत गेलाच. मध्ये मला डुलकी लागली, जागी झाले तरी काही चुकलं नव्हतं. हे मला फार बरं वाटतं. भीती वाटते, छातीत धडधडतं, पण ती भरवशाची भीती. घरातल्या भीतीचं तसं नसतं, तिचा शेवट कुणीच सांगत नाही.

खोड काढायची तर तीही काढते. भाजीवाल्याची हातगाडी दोनदा उलटली, टोमॅटो रस्ताभर, आणि तो भाजीवाला पुढे एकदाही दाखवला नाही. वाईटाची माणसं पटापट पडत होती, कुणाच्या घरी त्यांच्यासाठी ताट झाकून ठेवलंय असं वाटतच नाही. एवढी मारामारी, पण इन्स्पेक्टरच्या शर्टाची इस्त्री मोडत नाही. मी जन्मभर कपडे धुतले, मला ते बघवत नाही. आणि गोळ्या तर किती. गोळी सुटली की लोक टाळ्या वाजवतात, ती कुणाच्या तरी अंगात शिरते याचं कुणाला काही नाही. हे सगळं मी बाहेर आल्यावर बोलले तर नातू म्हणाला, "आजी, लॉजिक घरी ठेवून यायचं असतं. फुल टाइमपास होता की नाही, ते बोल." होता, म्हटलं. मग त्याला तुमच्या नाटकाची गोष्ट सांगितली. त्याला वाटलं, मी बनवून सांगते आहे.

तुमचंही नाटक तसलंच होतं ना, बाबा. चाळीच्या गणपतीत दरवर्षी एक नाटक व्हायचं, ते तुम्हीच लिहायचात आणि इन्स्पेक्टरही तुम्हीच. दरवर्षी नाव नवीन आणि आत तेच. पहिल्या अंकात दरोडा, दुसऱ्यात दरोडेखोर इन्स्पेक्टरच्या बहिणीला पळवतो, तिसऱ्यात गोदामात मारामारी. मग तुम्ही पिस्तूल रोखून म्हणायचात, "तीन म्हणेपर्यंत शरण ये. एक, दोन," आणि तीन म्हटलं की पडद्यामागे एक माणूस फळीवर फळी आपटायचा. ती गोळी. मग दरोडेखोर छातीवर हात ठेवून तीन गिरक्या घेऊन मरायचा. दरोडेखोर तुमचे साचेखात्यातले जोडीदार, चिपळूणकडचे काका. इतका देवमाणूस, पण मरायची भारी हौस. महिनाभर आधीपासून गॅलरीत मरायचे. त्या फळीच्या आवाजासाठी आम्ही पोरं अख्खं नाटक बसायचो.

आणि मग ते वर्ष आलं. मुंबई महाराष्ट्राला मिळाली पाहिजे म्हणून मोर्चे निघत होते, सगळ्या भिंतींवर 'झालाच पाहिजे' लिहिलेलं, तुम्हीही मोर्चात जायचात. एकदा पाठीवर लाठी घेऊन आलात, आई गरम तेल लावत होती आणि तुम्ही दात आवळून तिलाच म्हणत होतात, "हळू गो, पोलीस बरो तुझ्यापेक्षा." पण हसणं तेवढंच टिकलं. पुढे गोळीबार झाला आणि शेजारच्या खोलीतल्या मावशीचा मोठा मुलगा नाक्यावरून परत आलाच नाही. कामावरून येत होता, एवढंच कळलं. नंतर किती महिने आमच्या मजल्यावर कुणी दार आपटलं नाही. आईसुद्धा पाट्यावर वाटायला घेताना आधी मावशीच्या दाराकडे बघायची.

गणपती जवळ आले तसा प्रश्न पडला, नाटकाचं काय. खाकी कपड्यातला नायक या वर्षी कोण बघणार? चाळीतले म्हातारे म्हणाले, "पोलीस काढून टाक, मिलिटरीवाला कर." तुम्ही म्हणालात, "ड्रेपरीवाल्याकडे मिलिटरीचा कोट माझ्या मापाचा नाही." लोक हसले, पण तुम्ही खरंच सांगत होतात. आणि दुसरं नाटक कुणाला पाठ नव्हतं. पलीकडच्या चाळीतली पोरं उघड म्हणत होती, खाकी दिसली की दगड. आई घाबरून गेलेली. "तुमी ती खाकी घालू नकात," रोज तेच. तुम्ही म्हणायचात, "अगो, लोकांक शेवटाक चोर पकडलेलो बघूचो आसता. बाकी कोण काय बघता?" तेव्हा मला ते पटलं होतं. आता वाटतं, तुम्हीच तुमची समजूत घालत होतात.

आदल्या दिवशी ड्रेपरीवाल्याकडून भाड्याची खाकी आली. बाहेर दोरीवर टाकायची सोय नाही, म्हणून आईनं ती आत खुंटीला लावली आणि वरून लुगडं टाकलं. तुमच्या शर्टाचं तोंड झाकल्यासारखं दिसत होतं. तेवढ्यात मावशी विरजण मागायला आली. वाटी पुढे केली आणि बघते तर लुगड्याखालून खाकी बाही लोंबते आहे. आईचा हात दह्यातच राहिला. मी भिंतीला चिकटून बसलेली. मावशी बाहीकडे बघत होती, बघत होती, आणि मग म्हणाली, "तेंका मापात बसता काय गो?" आई म्हणाली, "खांद्यात जरा घट्ट." मावशी वाटी घेऊन गेली. त्या रात्री आई जेवली नाही.

नाटकाच्या दिवशी आरती झाली, पटांगणात सतरंज्या पडल्या. आईनं मला जिन्याजवळ बसवलं, पळायला बरं म्हणून, आणि माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मागे बाकावर बंदोबस्ताचा खरा हवालदार येऊन बसला. म्हणजे मागे एक खाकी आणि आता पुढे दुसरी येणार. बायकांच्या बाजूला सगळ्यात पुढे मावशी. तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी नकोही म्हटलं नव्हतं. पलीकडच्या चाळीतली पोरं उभीच होती, हात पाठीमागे.

तुम्ही आलात. दरवर्षी त्या ठिकाणी शिट्ट्या पडायच्या, त्या वर्षी कुणाचा खोकलासुद्धा नाही. मागून एक आवाज आला, "इन्स्पेक्टरसायेब, आमच्या आळीत किती झाडल्यात, ते सांगा आधी." तुम्ही तुमचं वाक्य बोललात. आवाज कापत होता, तो मला कळला, आईला कळला, बहुतेक सगळ्यांना कळला. मग दोन अंक तसेच गेले, पाण्याखाली बोलल्यासारखे. तेच विनोद, तीच मारामारी, आणि लोक नुसते बघतायत. पण उठलंही कुणी नाही, बाबा. पुढे काय होतं ते सगळ्यांना पाठ होतं, त्याच्यामुळेच बसले असतील. आणि त्याच्यामुळेच भीतीही वाढत होती, कारण फळी आपटणार हेही सगळ्यांना पाठ होतं. मी मावशीच्या पाठीकडे बघत होते. तिनं पदर कानावरून ओढून घेतला होता.

गोदामाचा प्रवेश आला. तुम्ही पिस्तूल रोखलंत. "तीन म्हणेपर्यंत शरण ये. एक." मग "दोन." आणि तिथेच थांबलात. विंगेतून प्रॉम्प्टर म्हणाला, "तीन." तुम्ही उभेच. तो जरा मोठ्यानं म्हणाला, "तीन, तीन." पहिल्या चार रांगांना ऐकू गेलं. काका हात वर करून केव्हाचे तयार, ते दातांतल्या दातांत म्हणाले, "अरे, म्हण की. मरायचंय मला." तुमच्या कपाळावरचा रंग घामानं ओघळत होता, पिस्तूल हळूहळू खाली आलं. काकांनी थोडी वाट बघितली. बिचाऱ्यांची महिनाभराची तालीम होती. मग त्यांनी आपणच छातीवर हात ठेवले, तीन गिरक्या घेतल्या आणि धाडकन पडून मेले.

तेव्हा मावशी बसल्या जागेवरून म्हणाली, "अरे, गोळी खंय लागली तुका? मग मेलंस कशान रे?"

काकांनी मेल्या मेल्या मान वर केली. "घाबरून मेलो, मावशी."

पहिलं कोण हसलं ते सांगता येत नाही. पण मग सगळं पटांगण हसलं, पोरं हसली, आई माझा हात सोडून पदर तोंडाला लावून हसली. हवालदार हसला की नाही ते मला दिसलं नाही. मावशी हसली नाही. ती नुसती काकांकडे बघत होती, ते उठून बसेपर्यंत. उठून बसले, मग ती गेली.

मंडळाची माणसं रागावली होती, शेवट बिघडवलात म्हणून. तुम्ही खोलीवर आलात, टोपी कोनाड्यात ठेवलीत, पाणी प्यालात आणि आईला एवढंच म्हणालात, "पडदो उशिरा पडलो." त्यानंतर तुम्ही नाटक केलं नाहीत. का, तेही बोलला नाहीत.

आता आपल्या घरी लग्नकार्यात ही गोष्ट निघतेच. मावशी समोर होती म्हणून त्यांनी गोळी मारली नाही, असं मीच सगळ्यांना सांगते, कालही तसंच सांगितलं. सांगताना माझा ऊर भरून येतो. नातू म्हणाला, "पणजोबा एकदम हिरो निकले." सिनेमातला इन्स्पेक्टर एवढं नाचला तरी त्याला हे जमलं नाही, असंही मी वर बोलून घेतलं.

पण बाबा, तुम्ही वाक्यं विसरायचात. एका वर्षी दरोडेखोराला सोडून बहिणीच्याच नवऱ्याला बेड्या घातल्या होत्या. एक, दोन झाल्यावर तीन कोण विसरतं, असं माझी मुलं म्हणतात. त्यांनी तुम्हाला स्टेजवर बघितलेलं नाही. त्या दिवशी तर तुम्ही इतके घाबरलेले होतात. मी पुढे कितीतरी वर्षं तुमच्याजवळ होते, तुमचे पाय चेपले, शेवटी चमच्यानं पेज भरवली, तेव्हा विचारता आलं असतं. विचारलं नाही. "इसारलंय गो" असं म्हणाला असतात, तर मी काय केलं असतं? आत्ताही वर दोनदा तो प्रश्न लिहिला आणि दोनदा खोडला. तुमच्याकडून उत्तर येणार नाही, याचं मला, खरं सांगते, बरंच वाटतं.