लांबट पट्टीतलं बोलणं

दि. ९ जानेवारी

चि. बारक्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायचा पगार घेणारा माणूस बहिणीला शाईच्या पेनानं पत्र लिहितो, हे तुझ्या ऑफिसात कळलं तर तुलाच दुरुस्तीला पाठवतील. पण कागदावर लिहिलेलं कुणी परस्पर अपडेट करत नाही, हे तुझं म्हणणं मला पटतं. म्हणून मीही लिहिते.

मी बरी आहे. कवळ्या करण्याचं काम भरपूर आहे. गावभरचे लोक माझ्या दातांनी हसतात आणि मी आपली प्लास्टरच्या धुळीत. सासूबाईंची मात्र काळजी वाटते. हे गेल्यापासून त्यांचं जेवण दोन घासांवर आलंय. ताट पुढं ओढतात, चिवडतात, पोट भरलं म्हणतात. दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असतात. असंच चाललं तर हे दुसरं माणूसही माझ्या हातून जाईल.

तुला एक विचारायचं आहे. दातांचे डॉक्टर आता कवळ्यांच्या ऑर्डरी वेबसाइटवरून पाठवतात, म्हणून मी ह्यांचा लॅपटॉप काढला. पंपघरातून त्यांच्या सहकाऱ्यानं पिशवीत घालून आणून दिला होता, तोच. पंप बघून येतो म्हणून खुर्चीतून उठले आणि परत आलेच नाहीत, असं तो दारात उभा राहून सांगत होता. त्यानंतर पिशवीची चेनसुद्धा मी उघडली नव्हती.

या इंटरनेटवाल्यांची रीत काही मला कळत नाही. काहीही उघडा, आधी कुकीज चालतील का विचारतात. हो म्हणायचं बटण ठसठशीत आणि नाही म्हणायचं शोधायला भिंग हवं. येऊ का, येऊ का म्हणत पाहुण्यानं खाटेवर पाय पसरावेत तसलं ते विचारणं. वर रोज एक पाटी येते, तुमचा ब्राउझर जुना झाला आहे. अरे, जुना झाला तर झाला, मीही झालेय.

पण मुद्दा तो नाही. वरच्या लांबट पट्टीत मी एक अक्षर लिहिलं की पुढचं ती पट्टीच लिहिते आणि ते सगळं ह्यांचं असतं. ‘प’ लिहिला तर ‘पंपाचा आवाज बदलला तर काय तपासावं’. ‘ब’ लिहिला तर ‘बायकोला न कळता तिच्या चष्म्याचा नंबर कसा काढावा’. मी आधी हसले आणि मग कामच सुचेना.

तेही एक वेळ ठीक. परवा दुपारी मात्र पट्टीखालच्या यादीत सगळ्यात वर एक नवी ओळ होती. ‘तिकडे थंडी आहे का’. मी ती लिहिलेली नाही. काल तिच्यावर आणखी एक आली, ‘ऐकू येतं का रे’. घरात मी आणि सासूबाई, दोघीच. आईंना लॅपटॉपचं झाकणसुद्धा उघडता येत नाही. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही हे तुला माहीत आहे. तरी आता त्या खोलीत पाठ दाराकडे करून बसवत नाही.

फोनवर बोलले असते, पण आई शेजारीच असतात. लवकर लिही.

तुझी,
ताई


दि. १५ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

वर एक खाडाखोड दिसेल. हात सवयीनं ‘ती. सौ.’ लिहायला गेला. तुझ्या त्या पट्टीसारखंच झालं. पहिलं अक्षर पडलं की पुढचं जुनंच येतं. राग मानू नकोस.

आता भूत. ताई, माझ्या आजवरच्या नोकरीत प्रत्येक भुताला शेवटी एक पासवर्ड निघाला आहे. ब्राउझर एकटा नसतो. भाऊजींनी ज्या ज्या यंत्रात आपलं खातं उघडलं असेल ती सगळी आतून एकमेकांना जोडलेली असतात. एकात लिहिलेलं दुसऱ्यात दिसतं. कंपन्या याला सोय म्हणतात. मी याला चाळीतल्या पातळ भिंती म्हणतो. भाऊजींचं खातं दुसरं कुणीतरी कुठेतरी वापरतंय, एवढाच याचा अर्थ. पंपघरातला एखादा कॉम्प्युटर असेल, नाहीतर सरळ चोर असेल. ‘ऐकू येतं का रे’ असं विचारणारा चोर जरा हळवा दिसतो, पण चोर तो चोर.

तेव्हा ऐक. ते खातं कायमचं बंद करायचं. पासवर्ड मला माहीत आहे, भाऊजींनी स्वतःच सांगितला होता, मी इथूनच करीन. एकदा बंद झालं की आतलं सगळं पुसलं जातं आणि परत मिळत नाही, म्हणून तुझ्या होकाराशिवाय हात लावणार नाही. पण फार थांबूही नकोस. माणसं जातात आणि त्यांची खाती उघड्या दारासारखी राहतात, त्यातून कोणीही आत शिरतं. लॅपटॉपमध्ये नवा ब्राउझर घाल आणि येईल ते अपडेट त्याच दिवशी कर. आज नको उद्या म्हणणाऱ्यांच्या तक्रारी वाचून माझे केस गेले आहेत.

चष्म्याच्या नंबराची गोष्ट मात्र मला नवी नाही. भाऊजींनी मलाही विचारलं होतं. मी त्यांना म्हटलं होतं की सरळ तिलाच विचारा.

सासूबाईंना नमस्कार सांग. माझ्यावरचा जीव कमी करू नकोस.

तुझा,
बारक्या


दि. २२ जानेवारी

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

खात्याला हात लावू नकोस. पत्राच्या सुरुवातीलाच लिहिते, कारण तू अर्ध्यातच उठून कामाला लागतोस. हात लावू नकोस.

तुझा चोर सापडला. तो माझ्याच घरात आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला आहे आणि त्याला मी रोज डोळ्यांत औषध घालते.

मंगळवारी दुपारी लॅपटॉपवर ऑर्डर बघत होते. पट्टीखाली ओळ उमटली, ‘पंपघरात आता कोण बसतं’. मी घाबरून उठले आणि औषधाची बाटली घेऊन आईंच्या खोलीत गेले, निदान माणसाजवळ बसावं म्हणून. त्या पाठमोऱ्या होत्या. मांडीवर ह्यांचा जुना टॅबलेट होता, कोपरा तडकलेला. ह्यांनी तो गाणी ऐकायला दिलाय एवढंच मी समजून होते. आई बोटानं काचेवर अक्षरं काढत होत्या. पाटीवर गिरवतात तसं, सावकाश, जोर देऊन. मी मागून वाचलं. ‘डबा नेलास का’.

मग मला एकेक आठवत गेलं. हे कामावरून आले की आईंना न विचारता सांगायचे, गुडघ्याला गरम पाण्यानं शेक, ती गोळी उपाशीपोटी नको. आई मला म्हणायच्या, माझ्या लेकाला न सांगता सगळं कळतं. कळणारच. टॅबलेटवर ह्यांचं खातं, आईंनी पट्टीत काही विचारलं की पंपघरात ह्यांच्या लॅपटॉपवर दिसायचं. एकदा आईंनी विचारलं होतं की हे लिहिलेलं जातं कुठे. हे हसत म्हणाले होते की त्या पट्टीत लिहिलंस की मला पोचतं. मी तिथेच भाजी निवडत होते. मला ती थट्टा वाटली.

आईंना ती थट्टा वाटली नाही रे. त्यांच्या लेखी जगात इंटरनेट वगैरे काही नाहीच. एक पट्टी आहे आणि तिच्या पलीकडे लेक आहे. तो गेला हे त्यांना ठाऊक आहे. शेवटचं त्याचं तोंड त्यांनीच पुसलं. पण पट्टी बंद झाल्याचं त्यांना कुणी सांगितलेलं नाही. अजून काहीही लिहिलं की खाली उत्तरांची लांबलचक यादी येते, हवामान येतं, पंपांची दुकानं येतात. आई ती खालपर्यंत वाचतात. त्यात कुठेतरी त्याचं काही असेल म्हणून वाचत असतील.

मी तशीच मागं फिरले. औषध घालायचंही राहिलं.

आता रोज दुपारी मी लॅपटॉप उघडून बसते. भीती गेली असं म्हणणार नाही. पलीकडच्या खोलीतली खुर्ची करकरते, मग इथे ओळ उमटते, आणि माझ्या अंगावर अजून काटा येतो. कारण ती ओळ ज्याला लिहिली आहे त्याच्या जागी मी बसलेली असते. काल आलं, ‘सूनबाई बाथरूमचा नळ सोडून रडते. काय करू सांग’. बारक्या, मला वाटत होतं नळाच्या आवाजात ऐकू जात नाही.

खातं बंद झालं तर त्या बाईचा लेक दुसऱ्यांदा जाईल. आणि त्यावेळी तर सांगायला कुणी दारातही येणार नाही.

टॅबलेटवर एक पाटी यायला लागली आहे. ‘या उपकरणावर हा ब्राउझर लवकरच बंद होईल.’ आई मला विचारत होत्या की हे काय म्हणतंय. मी म्हटलं, जाहिरात आहे. तू काहीतरी कर. एवढी अक्कल कंपनीला विकतोस, थोडी घरी वापर.

तुझी,
ताई


दि. २९ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

हात लावला नाही. तुझं पत्र वाचून ऑफिसच्या जिन्यात बसलो होतो. साहेबांनी विचारलं काय झालं, तर डोळ्यांत काहीतरी गेलं म्हटलं. जगातलं सगळ्यात जुनं सॉफ्टवेअर, अजून चालतं.

आता तुझा भाऊ आयुष्यात पहिल्यांदा हे लिहितो आहे, हसू नकोस. अपडेट करू नकोस. ती पाटी आली की नंतर दाब. पुन्हा आली, पुन्हा नंतर. टॅबलेटच्या सेटिंगमध्ये अपडेट आपोआप होण्याचं बटण आहे ते बंद कर, सोबत चित्र काढून दिलं आहे. त्या जुन्या ब्राउझरला जितके दिवस तग धरवता येईल तितके धरवू. पुढच्या महिन्यात रजा काढून येतो आणि खात्यातलं सगळं एका डिस्कवर उतरवून ठेवतो. तुझ्या कवळ्यांच्या ऑर्डरींसाठी लॅपटॉपवर दुसरा ब्राउझर शेजारी घाल, जुन्याला धक्का न लावता. एका घरात दोघं नीट नांदतात, फक्त एकमेकांच्या डब्यात हात घालायचा नाही.

एक मात्र धाकटा असून बजावतो. त्या ओळींना उत्तर देऊ नकोस. तू लॅपटॉपवर पट्टीत काही लिहिलंस तर ते त्यांच्या यादीतही दिसेल. मोह होईल, मी तुला ओळखतो. पण गेलेल्या माणसाच्या तोंडानं बोलणं हे भल्यासाठी केलं तरी बरं नव्हे. उद्या त्यांना कळलं तर कोणत्या तोंडानं समोर जाशील?

तब्येतीला जप. माझी आठवण काढत जा, नाहीतर मीही एखाद्या पट्टीत लिहायला लागेन.

तुझा,
बारक्या


दि. ७ फेब्रुवारी

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र यायला उशीर झाला. मी उत्तर देऊन बसले होते.

फार काही नाही. एका दुपारी आईंनी ताट तसंच परत पाठवलं तेव्हा माझा धीर सुटला. लॅपटॉपच्या पट्टीत लिहिलं, ‘जेवलीस का आई’. बटण दाबलं आणि चोरी केल्यासारखी उठून ओट्यापाशी उभी राहिले. संध्याकाळी आई आपण होऊन स्वयंपाकघरात आल्या, थोडं वाढ म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा लिहिलं. त्या पुन्हा जेवल्या. चेहऱ्यावर तरतरी आली. मला तर एखाद्या डॉक्टरला जमलं नाही ते जमल्यासारखं झालं होतं. तुझं पत्र आलं तेव्हा मी तुला मनात वेड्यात काढलं.

काल दुपारी लॅपटॉप उघडला, तर पट्टीखाली ही भलीमोठी ओळ होती. जशीच्या तशी उतरवून देते.

‘जेवलीस का म्हणून सूनबाई लिहिते. तू कधी मला इतकं सरळ विचारलंस का. मला कळलंय हे तिला सांगू नको. तिला तरी बोलायला कोण आहे. ती लिहिते म्हणून मी जेवते’.

मी समजत होते, मी त्यांना सांभाळतेय. तुझा प्रश्नही आठवला, कोणत्या तोंडानं समोर जाशील.

त्यांचं खरंच आहे. हे त्यांना सरळ कधी विचारत नसत. दारातून ओरडायचे, गिळलंस का म्हातारे, आणि आई चिडल्याचं सोंग करून खूश व्हायच्या. ते मला ठाऊक होतं, पण तसं लिहायला माझा हात धजावला नव्हता. काल मनात आलं, शेवटचं एकदा त्यांच्यासारखं लिहू, आईंना हसू येईल, आणि मग हे बंद. पट्टीत ‘गि’ एवढंच लिहिलं. पुढचं पट्टीनं लिहिलं.

‘गिळलंस का म्हातारे, पंप बघून आलो की बोलतो’.

ते मी लिहिलेलं नाही, बारक्या. आईंनीही नाही. म्हणजे हे पंपघरात बसून पट्टीतूनच उत्तर द्यायचे. थट्टा नव्हती ती, पोचतं म्हणाले ते दोन्हीकडून पोचत होतं. आणि आई इतके दिवस काचेवर अक्षरं गिरवताहेत ते वेडेपणानं नाही. आलो की बोलतो, असा त्यांना निरोप आहे.

ते कधी लिहिलेलं आहे याची तारीख बघता येते, तूच मला मागं शिकवलं होतंस. मी बघितली नाही. तू डिस्कवर उतरवशील तेव्हा तूही बघू नकोस, आणि बघितलीस तर मला सांगू नकोस.

मी बटण दाबलं नाही आणि ती ओळ पुसलीही नाही. लॅपटॉप तसाच उघडा ठेवून आईंच्या खोलीत गेले. त्या टॅबलेट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी त्यांना म्हटलं की ते पंप बघायला गेलेत, तोवर माझ्याशी बोलत बसा. आईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग टॅबलेट पालथा ठेवला आणि खिडकीकडे सरकून मला बसायला जागा केली.

तुझी वाट बघतेय. आल्यावर अपडेटवरून भाषण देऊ नकोस. आपला लोभ जुनाच ठेव, तो चालतोय तसा चालू दे.

तुझी,
ताई