वकील आणि फौजदार एका फेरीत नकोत

३ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लिहू लिहू म्हणत पत्र इतके दिवस ढकललं, हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे तुझा राग दुसऱ्या परिच्छेदापर्यंत उतरेल. आधी पेन सापडेना. पेन सापडलं तर समोरच्या गच्चीवर एक माणूस एकटाच पाण्याची टाकी चढवताना दिसला. त्याला हात द्यायला गेलो, तो जेवूनच परत आलो. फोन का केला नाहीस, असं विचारशील. फोन वकिलाने खाल्ला. नंबर सगळे त्याच्या पोटात गेले. तुझा पत्ता तेवढा पाठ आहे.

वकील म्हणजे कुत्रा. मी हल्ली कुत्र्यांच्या पाळणाघरात कामाला आहे. लोक प्रवासाला निघाले की कुत्री इथे सोडून जातात. कोणी कोणाबरोबर फिरायला जायचं, हे रोज सकाळी कॉम्प्युटर ठरवतो. वकील आणि फौजदार एका फेरीत गेले तर भर रस्त्यात जुंपते. आजोबा नावाच्या म्हाताऱ्या कुत्र्याला फक्त बुटकी मंडळी चालतात. हा प्रोग्राम आधीच्या कोणीतरी तुझ्या त्या लिस्प नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहून ठेवलाय, आणि तो इतका रेंगाळतो की गट हातात येईपर्यंत उन्हं चढतात. तोवर बिचारी फाटकाशी पाय आवळून उभी.

मालकीणबाईंनी विचारलं, लिस्प कोणाला येतं का. माझा हात आपोआप वर गेला. तू लिस्प लिहीत बसायचीस तेव्हा मी शेजारी शेंगदाणे खात असायचो, त्यातलं काहीतरी अंगात मुरलं असेल असं वाटलं. मुरलेलं नाही.

आता खरी गोष्ट. मोठ्या सुट्ट्या लागायच्या आत हे जमलं तर नोकरी पक्की आणि वरची खोली माझी. खिडकीतून सगळं अंगण दिसतं. ताई, हसू नकोस, पण मला इथे राहायचंय.

कोड हाताने उतरवून सोबत जोडलाय. शेवटचं अर्धं पान नुसते कंस आहेत. एक-दोन कमी पडले असतील, कारण आजोबा कागदावर बसले होते.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहे तो आटू देऊ नकोस.

तुझा,
भिंगरी


८ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. कागदाला ओल्या कुत्र्याचा वास येतोय, तेव्हा या वेळी तू थापा मारत नाहीस, एवढी खात्री पटली. कंस एक-दोन नाही, चांगले पाच कमी होते. आजोबांना म्हणावं, बसायला दुसरी जागा बघा.

तुझ्या प्रोग्रामचं दुखणं साधं आहे. वकिलाचं फौजदाराशी पटतं का, हे बघायला तो भांडणांची अख्खी यादी वरपासून वाचतो. गट जुळवताना पुढच्या क्षणी तोच प्रश्न पुन्हा, आणि पुन्हा वरपासून वाचन. तुझ्या भाऊजींना चष्मा कुठे आहे म्हणून विचारावं, तसं चाललंय. दर वेळी घरभर शोध. एकदा मिळालेलं उत्तर हॅश टेबलमध्ये जपून ठेव. जोडीचं नाव दिलं की उत्तर लगेच हातात. पण त्याआधी आणि त्यानंतर वेळ मोजून बघ. नुसतं वाटतंय म्हणून खुडबुड करायची नाही. कोणती ओळ कुठे घालायची, ते मागच्या कागदावर लिहिलंय.

आणि हे चालू लागलं की हात बाजूला घे. मॅक्रोच्या वाटेला जाऊ नकोस. फंक्शनने भागत असेल तिथे मॅक्रो लिहायचा नसतो. मी तुला ओळखते, म्हणून आधीच सांगते.

खोलीचं वाचून हसले नाही. जेवत जा वेळेवर. आमचा जीव तुझ्यात आहे, एवढं ध्यानात असू दे.

तुझी,
ताई


१७ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू थोर आहेस. हॅश टेबल बसवलं आणि चहाला उकळी फुटायच्या आत गट तयार! मालकीणबाईंनी दोनदा चालवून बघितलं आणि खोलीची किल्ली दिली. तात्पुरती, असं म्हणाल्या, पण दिली.

तिथेच थांबलो असतो तर हे पत्र इथेच संपलं असतं.

झालं असं की प्रत्येक फेरीसाठी त्याच त्याच ओळी लिहिलेल्या दिसल्या. फाटक उघड, पट्टा बांध, परत आल्याची नोंद कर. कपाटात एक जुनं पुस्तक होतं, त्यात मॅक्रोचा धडा निघाला. ताई, कोडने कोड लिहायचं! हे तू मला इतकी वर्षं सांगितलं नाहीस? मला दुसरं काही सुचेना. फेऱ्यांचा मॅक्रो केला, आणि त्याच झपाट्यात आज कोणती कुत्री आहेत ती यादी वाचायचं कामही त्याच्याच पोटात घातलं.

तेव्हापासून रोज सकाळी तेच गट. यादीची फाइल बदलतो, प्रोग्राम ढिम्म. वकील केव्हाच घरी गेला, तरी पहिल्या फेरीत त्याचं नाव. पहिल्या दिवशी मी कॉम्प्युटरवर विश्वास ठेवून रिकामा पट्टा घेऊन कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो. एका बाईंनी पोराला माझ्यापासून लांब ओढलं. आणि रेडकू म्हणून एक नवीन कुत्रा आलाय, आकाराने नावासारखाच, त्याचं नाव कुठल्याच फेरीत नाही. त्याने बराच धीर धरला, आणि मग ऑफिसातल्या गालिच्यावर सगळा धीर सोडला.

गालिचा मालकीणबाईंचा आवडता. त्यांनी विचारलं, हे काय आहे. मी म्हटलं, मॅक्रो. त्या म्हणाल्या, मी गालिच्याबद्दल विचारतेय. तिथे मात्र मी सगळं सांगून टाकलं, की लिस्प मला येत नाही, माझ्या ताईला येतं. त्यांनी तुझा पत्ता मागून घेतला, बघते म्हणाल्या आणि गेल्या. आता या ‘बघते’चा अर्थ काय लावायचा?

मी वर जाऊन पिशवी भरली, सवयच ती. पण संध्याकाळच्या फेऱ्या राहिल्या होत्या. खाली आलो तर पाऊस लागलेला आणि रेडकू भिजून अंगणात उभा. पिशवीतला टॉवेल काढून त्याला पुसला. मग पिशवी तशीच उघडी राहिली.

शनिवारी सुट्ट्या लागतात. घर गच्च भरणार. मॅक्रो उतरवून सोबत जोडलाय. काहीतरी लवकर कळव, आणि माया पातळ करू नकोस.

तुझा,
भिंगरी


२१ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

सांगितलं होतं. आता कान नीट उघडून वाच.

मॅक्रो चालतो तो प्रोग्राम कंपाइल होताना, म्हणजे एकदाच बांधून तयार होताना. रोज सकाळी नाही. कोड लिहून देणं हे त्याचं काम, ते उरकून तो मोकळा होतो. तू त्याच्या पोटात यादी वाचलीस, म्हणून त्या दिवशी हजर असलेल्या कुत्र्यांची नावं कोडमध्ये कायमची कोरली गेली. वकील घरी गेलाय, पण तुझ्या प्रोग्राममधून तो जन्मात जाणार नाही. यादी वाचणारी ओळ मॅक्रोतून उचल, रोज चालणाऱ्या फंक्शनमध्ये घाल, आणि सगळं पुन्हा एकदा कंपाइल कर. फेऱ्यांचा मॅक्रो तेवढा राहू दे. बरा लिहिलायस, पण हे कोणाला दाखवायला जाऊ नकोस.

थांब, बेल वाजली.

भिंगऱ्या, तुझ्या मालकीणबाई आल्यात! एवढ्या लांब, स्वतः गाडी चालवत, आणि सोबत रेडकू. तो आमच्या सोफ्यावर बसलाय. भाऊजी खुर्चीवर चढून उभे आहेत आणि घाबरलो नाही म्हणताहेत.

मला वाटलं, प्रोग्रामबद्दल विचारायला आल्या. त्यांनी प्रोग्रामचं नावही काढलं नाही. चहाही नको म्हणाल्या आणि सरळ विचारलं, हा मुलगा कुठे टिकतो का. खोटं सांगवेना. म्हटलं, बाई, मी त्याला कितीतरी वर्षं पत्रं लिहितेय, पण लागोपाठ दोन पत्रं एकाच पत्त्यावर लिहायची वेळ आज पहिल्यांदा आली.

त्या सोफ्यावर रेडकूच्या शेजारी टेकल्या. मग चहा घेतला. हे पत्र त्याच घेऊन येताहेत, म्हणजे शनिवारच्या आत तुझ्या हातात पडेल. आणि खाली एक ओळ घालायला सांगताहेत, ती त्यांच्याच शब्दांत लिहिते: वरच्या खोलीतला नळ गळतो, तो तूच माणूस बोलावून दुरुस्त करून घे, राहायचं तुलाच आहे.

तेव्हा पिशवी रिकामी कर. आमची माया आहे तिथेच आहे, आता तूही तसा राहा.

तुझी,
ताई